चरक बंद करा, मग बोला : ग्रुपनं पहिला व्हिडिओ करताना

दिवाळी सरली, गुऱ्हाळं पेटली, की कॉलेजच्या पोरापोरींचा एखादा ग्रुप माझ्या दारात हजर असतो. "दादा, प्रोजेक्टला पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. गुळावर." मी लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा माणूस, पण ही पोरं आली की बरं वाटतं. गेल्या हंगामात सहा जण आले ते शूटिंग उरकूनच आले होते. चित्रं खरोखर देखणी. रस उकळायच्या मोठ्या काहिलीतून उठणारी वाफ, तिच्याखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारणारे हात, सगळं लई भारी. मग गुळव्यामामांची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराची, सात मिनिटांची मुलाखत लावली. मामांचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता ऊस गाळायच्या चरकाचा. घर्रर्र, सात मिनिटं, सलग.

"मामा काय म्हणतायत?" मी विचारलं. सहाही जण एकमेकांकडं बघायला लागले.

चरक दहा मिनिटं बंद ठेवता का, एवढं विचारायचं होतं. किंवा मामांना पन्नास पावलं लांब, उसाच्या फडाकडंला न्यायचं होतं. कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण सहाही जण स्क्रीनकडं बघत होते आणि कान कोणाचेच जागेवर नव्हते. खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं या एका चुकीभोवती फिरतं, ते माफ करा.

विषय : एक माणूस, एक जागा, एक काम

"कोल्हापूरची संस्कृती" हा विषय नाही, ती सहलीची जाहिरात झाली. महाद्वार रोड, रंकाळा, तांबडा-पांढरा, कुस्ती, चप्पल, सगळं पाच मिनिटांत कोंबलं की कशाचंच काही राहत नाही. गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजं दूध देतात. त्यातल्या एका म्हैसवाल्याची एक सकाळ, हा विषय झाला. चपलेचा एक जोड, कातडं कापण्यापासून पायात जाईपर्यंत, हाही झाला. केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, पहिल्या गाडीचा ड्रायव्हर, तालमीत माती उकरणारं पोरगं, गणपतीच्या आधी महिनाभर कुंभार गल्लीत डोळे रंगवणारी एखादी ताई.

विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि त्या वाक्यात क्रियापद पाहिजे. "गूळ" नव्हे, तर "गुळव्या नुसत्या नजरेनं ओळखतो, की काहिल आता उतरवायची." असं वाक्य सापडलं की काय शूट करायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरतं. आणि जागा शक्यतो अशी निवडा, जिथं दोनदा-तीनदा जाता येईल. पहिल्या फेरीत सगळं मिळालं असा ग्रुप मी अजून बघितलेला नाही.

कोण काय करणार

सहा जण असतील तर कामं अशी वाटा: एक दिग्दर्शन, एक कॅमेरा, एक आवाज, एक नोंदी, एक जुळवाजुळव, एक संकलन. चार जण असाल तर कामं जोडून घ्या, पण कॅमेरा आणि आवाज एकाच माणसाकडं देऊ नका. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याला ऐकू येत नाही. थट्टा नाही, खरंच येत नाही. माझंही वीस वर्षांनंतर तेच होतं, म्हणून मी भाच्याला हेडफोन घालून शेजारी उभा करतो.

नोंदी ठेवणाऱ्यानं वहीत लिहायचं: कितवा शॉट, त्यात काय, बरा की वाईट. "शॉट १४, मळी काढताना झारा, दुसरा टेक चांगला." ही वही नसेल तर रात्री दोनशे फायली उघडून बघत बसावं लागतं. जुळवाजुळव करणाऱ्याला बाकीचे कमी लेखतात, आणि सगळं अडतं ते त्याच्याविना. परवानगी, गाड्या, पॉवर बँक, पाणी, मामांना आदल्या रात्री फोन, हे सगळं त्याचं.

भांडायचं ते शूटिंगच्या आधी. कट्ट्यावर बसून पोटभर भांडा, मतं मांडा, रुसा. जागेवर गेल्यावर मात्र दिग्दर्शक म्हणेल ते. सहा जण सहा बाजूंनी "इकडून घे, तिकडून घे" करायला लागले की समोरचा माणूस बुजतो आणि मग तो बोलत नाही, नुसता हसतो.

संकलनाचं एक आधीच सांगतो. ज्याचा लॅपटॉप चांगला, त्याच्या गळ्यात सगळं मारून बाकीचे मोकळे होतात. मग तो बिचारा सबमिशनच्या आदल्या रात्री एकटा जागतो आणि त्याच्या मनाला येईल तसा व्हिडिओ होतो. संकलनाला किमान दोघं बसा.

कागदावर

मराठीत माणूस सावकाश बोलला तर मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटं नुसती बडबड भरली तरी सहाशेच शब्द. आणि बडबड भरायची नाहीच आहे. तीनशे शब्दांचं बोलणं धरा, उरलेल्या वेळात काम दिसू दे, ऐकू येऊ दे.

शॉटची यादी करा. चित्र येत नसेल तर काड्यांची माणसं काढा, कोणी नावं ठेवणार नाही. हे आपल्या गावाचंच वळण आहे. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला, १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढं आणला. वेशभूषा काय, प्रसंग काय, ते आधी कागदावर रेखाटून घ्यायचे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा शंभर सोयी आहेत. कागद-पेन्सिल मात्र तीच. फरक एवढाच, की त्यांचे ते चित्रपट मुके होते. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं इथंच 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट केला, त्यानंतर कोल्हापुरात आवाजाकडं काणाडोळा करायची सवलत कोणाला उरलेली नाही.

जागा आधी बघून या

कॅमेरा न घेता जा, आणि ज्या वेळेला शूटिंग करायचं त्याच वेळेला जा. सकाळी अकराला बघितलेली जागा संध्याकाळी पाचला ओळखू येत नाही. ऊन कुठून येतं ते बघा. मग डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहा आणि काय काय ऐकू येतं ते वहीत लिहा: चरक, मोटार, कुत्री, शेजारच्या रानातला ट्रॅक्टर, रस्त्यावरचे हॉर्न. यातलं काय बंद करता येईल, काय नाही, ते तिथल्या तिथं विचारून घ्या.

कामाचं वेळापत्रकही विचारा. गुऱ्हाळात काहिल रोज किती वेळा उतरते? रस काहिलीत पडल्यापासून उतरेपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात, भेंडीचं पाणी घालतात म्हणजे राहिलेली मळीही सुटते. मग रस घट्ट होत जातो, बुडबुड्यांचा रंग बदलतो, गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. आणि मग एकदम पळापळ. चार-पाच जण काहिल उचलून वाफ्यात ओततात. ते दृश्य मिनिटभराचं. तेवढ्यात तुमचा कॅमेरावाला काकवी चाटत बसला असेल, तर पुढचं आदण होईपर्यंत बसा.

परवानगीचं थोडक्यात. मालकाला, आणि ज्याचा चेहरा दिसणार त्याला, दोघांनाही विचारा. मुलाखतीच्या सुरुवातीलाच कॅमेऱ्यावर त्यांच्या तोंडून नाव आणि "माझं शूटिंग केलं तर चालेल" एवढं घ्या. लहान पोरं असतील तर आईबापांना विचारा. देवळात, सरकारी जागेत, वाड्यात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोन मनातून काढून टाका. उजळाईवाडीला विमानतळ आहे, सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या नकाशावर कुठला भाग कुठल्या रंगात आहे ते बघितल्याशिवाय हवेत काही सोडायचं नसतं. पहिल्या व्हिडिओला त्याची गरजही नसते.

फोन हातात घेतल्यावर

लेन्स पुसा. हसू नका. निम्मे धुरकट व्हिडिओ खिशातल्या तेलकट बोटांचे असतात. गुऱ्हाळात तर वाफेनं लेन्सवर दव धरतं. फोन थंड असला तर जास्तच. म्हणून आत गेल्यावर पाच मिनिटं थांबा, फोन तिथल्या हवेला येऊ दे, आणि मऊ सुती कापड खिशात असू दे.

फोन आडवा धरा. विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन मोक्याला कोणाच्या तरी आईचा फोन येतो. ४के नको, १०८०पी पुरे. १०८०पीचं एक मिनिट साधारण १०० ते १५० एमबी खातं, ४केचं त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि तुमचा लॅपटॉप ४के बघून गार पडतो. सोय असेल तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते; ३० फ्रेमवर कधीकधी चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी ५० हर्ट्झ निवडायची सोय असेल तर तीही निवडा. आणि जो फ्रेमरेट ठरेल तो सगळ्या फोनवर सारखा ठेवा.

पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, तो करा. नाहीतर जाळ भडकला की फोन सगळं चित्र काळं करतो, जाळ विझला की पांढरं. झूम बोटांनी करू नका, पायांनी करा.

प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हलू न देता धरा. मनात दहा मोजा. नवखा माणूस तीन सेकंदांत फोन दुसरीकडं वळवतो आणि मग संकलनात हाताला काही लागत नाही. एकच काम तीन अंतरांवरून घ्या: लांबून सगळी जागा, मधून माणूस, जवळून हात. हातांचे शॉट भरपूर घ्या, कितीही घेतले तरी कमीच पडतात. गुळव्यामामांच्या बोटांत पाकाची गोळी वळते, ते वाटीच्या काठावर टकटक आपटून बघतात. हे एवढं जवळून मिळालं तर "अनुभवानं कळतं" हे वाक्य निवेदनात लिहावं लागत नाही.

आणखी एक खूणगाठ. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक दोरी ताणलीय असं समजा आणि कॅमेरा दोरीच्या एकाच अंगाला ठेवा. पलीकडं गेलात की दोघंही पडद्यावर एकाच दिशेला बघतायत असं दिसतं, आणि बघणाऱ्याचा गोंधळ होतो.

मुलाखतीत माणसाला कॅमेऱ्यात बघायला लावू नका. विचारणारा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर बसू दे. मामा बाजेवर बसलेत आणि तुम्ही उभे राहून वरून शूट करताय, तर ते व्हिडिओत दीनवाणे दिसतात. प्रश्न असे विचारा, की उत्तर "हो" किंवा "नाही"त संपणार नाही. "मामा, पहिल्यांदा काहिल बिघडली तेव्हा काय झालं?" असं विचारा. उत्तर संपलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, तीन सेकंद गप्प बसा. बहुतेक वेळा खरं बोलणं त्या तीन सेकंदांनंतर येतं.

आवाज

आता माझ्या मूळ दुखण्यावर येतो. चित्र थोडं हललं, अंधारं आलं, तरी लोक बघतात. बोललेलं कळलं नाही की पुढच्या मिनिटाला फोन खाली ठेवतात. तुमचे सरसुद्धा.

फोनचा माइक तोंडापासून हातभर अंतरात असेल तर ठीक. त्यापलीकडं गेला की तो माणसापेक्षा जागेचाच आवाज जास्त पकडतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक काही शेकड्यांत मिळतो. हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावा, शर्टाला घासणार नाही असा. तेवढेही पैसे नसतील तर दुसरा फोन घ्या, त्यात व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि मामांच्या वरच्या खिशात, माइकचं तोंड वर करून ठेवा. शॉट चालू झाला की कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर टाळीचा आवाज आणि टाळीचं चित्र जुळवलं की दोन्ही फायली एका ओळीत येतात. शाळेत टाळ्या वाजवल्या त्याचा उपयोग इथं.

आवाजवाल्यानं रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन घालून ऐकायचं. ज्या फोनला ऐकता येत नाही त्यावर पंधरा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून लगेच वाजवून बघायचं. आणि त्याला "थांबा" म्हणायचा हक्क पाहिजे. दिग्दर्शकालासुद्धा. विमान गेलं, मोटारसायकल गेली, कुकरची शिट्टी झाली, तर थांबा आणि परत घ्या. घरात शूट करत असाल तर पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिजमध्ये आपल्या गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. घरमालकीणबाईंचं दूध नासलं की पुढच्या ग्रुपला दार बंद होतं.

रंकाळ्यावर संध्याकाळी वारा असतो आणि माइकमध्ये तो फडफडतो. माइकवर लोकरीचा मोजा चढवा, वाऱ्याकडं पाठ करून उभे राहा.

मुलाखत झाली की सगळ्यांनी मिनिटभर चिडीचूप उभं राहून त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. मग चरक चालू करायला सांगा आणि त्याचा, जाळाचा, काहिलीत रस उकळतो त्या बुदबुदण्याचा आवाज वेगळा, अगदी जवळून घ्या. संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट या आवाजांनी भरते. चरक शत्रू नाही. मामा बोलत असताना तो नको, एवढंच. ते गप्प झाले की त्याला खुशाल गाऊ द्या.

घरी आल्यावर

त्याच दिवशी, जेवायच्या आधी, सगळ्या फायली केबलनं लॅपटॉपवर आणि तिथून एखाद्या पेनड्राइव्हवर उतरवा. दोन ठिकाणी नीट आल्यात याची खात्री होईपर्यंत फोनवरचं काही पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून बारीक करतो आणि चित्राचा चिखल होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग सगळे मिळून सगळं बघा. कंटाळवाणं काम आहे, भडंग घेऊन बसा. मामांच्या बोलण्यातली चांगली वाक्यं वहीत उतरवा, शेजारी वेळ लिहा. त्यातली कुठली ठेवायची, कुठल्या क्रमानं, हे आधी कागदावर ठरवा. चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडल्या तर सहाही जणांना हात घालता येतो. लॅपटॉपपुढं एकच जण मावतो.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. लॅपटॉपवर शॉटकट आणि केडेनलाइव्ह फुकट आहेत आणि साध्या मशीनवरही चालतात. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती जबरदस्त आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक कार्ड लागतं. फोनवर करायचं तर काइनमास्टर किंवा व्हीएन. एक अडचण सगळ्यांना येते: फोन फ्रेमरेट कमीजास्त करत शूट करतो, त्यामुळं मोठ्या क्लिपमध्ये हळूहळू ओठ आणि आवाज फटकून चालायला लागतात. तसं झालं तर हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून फायली स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या आणि मग संकलन करा.

क्रम असा ठेवा. आधी नुसतं बोलणं लावा, चित्राकडं न बघता. डोळे मिटून ऐका. गोष्ट कळते का? कळली की मग त्यावर हातांचे, वाफेचे, जाळाचे शॉट घाला. बोलणं जिथं कापलंय तिथं मामांचं डोकं टुणकन उडतं, त्या उडीवर हाताचा शॉट झाकण म्हणून बसतो. मग ठिकठिकाणी बोलणं थांबवून काम दाखवा. शेवटी जागेचे आवाज, आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, संगीत. सिनेमातलं गाणं उचलू नका. यूट्यूब ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत आहे. बोलण्याखाली संगीत इतकं हळू ठेवा, की ते आहे का नाही असा संशय यावा.

दोन शॉटच्या मधे उडणारी पानं, फिरणारे चौकोन, बदाम, हे सगळं मी करतो, कारण मला त्याचे पैसे मिळतात. तुम्ही सरळ कापा.

मामा "लई वंगाळ वाटलं बघ" म्हणाले असतील तर सबटायटलमध्ये तेच लिहा. त्याचं "मला फार वाईट वाटले" करणारी पोरं मी बघितलीत, आणि तिथं मामांच्या जागी कोणी भलताच माणूस बोलायला लागतो. अक्षरांसाठी मुक्ता किंवा बलूसारखा युनिकोड फॉन्ट घ्या. आधी "गुऱ्हाळ", "चिठ्ठ्या", "क्षण" टाइप करून बघा. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडून टाकतात, वेलांटी भलतीकडं पडते. तसं होत असेल तर दुसरं सॉफ्टवेअर बघा, तीच चूक तीस जागी दुरुस्त करत बसू नका.

कच्चा व्हिडिओ तयार झाला की ग्रुपबाहेरच्या एका माणसाला दाखवा, आणि आधी काही समजावून सांगू नका. कोणाची तरी आजी सगळ्यात उत्तम. आजी कुठं पदर सावरायला लागते, कुठं "काय म्हणला?" विचारते, ते लिहून घ्या. पहिला कट हमखास आठ-नऊ मिनिटांचा असतो. पाचवर आणताना तुमच्यातल्या एकाचा जीव की प्राण असलेला शॉट जाणार. सूर्यास्ताचा असेल तर नक्कीच जाणार.

शेवटची फाइल एमपीफोर, एच.२६४, १०८०पी, दहा एमबीपीएसच्या आसपास काढा. पाच मिनिटांची ती चारशे एमबीच्या आत बसते. दोन पेनड्राइव्हवर घ्या, दोन वेगळ्या माणसांच्या खिशात ठेवा. दाखवायच्या दिवशी अर्धा तास आधी हॉलमध्ये जाऊन प्रोजेक्टरला जोडा आणि पहिलं मिनिट लावून मागच्या बाकावर जाऊन बसा. प्रोजेक्टरवर चित्र धुवट दिसणार, ते सोडा. लॅपटॉपचा आवाज हॉलच्या स्पीकरला जोडायची वायर आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी नसते, आपली न्या.